अंगठ्याची दोरी

एक जानेवारीला डायरीत संकल्प लिहायची मला खाज आहे. दुसरा शब्द नाही त्याला. मी कुरियर कंपनीच्या काउंटरवर बसतो. तिथे दर डिसेंबरात कुणीतरी पार्टी एक चकचकीत डायरी देऊन जाते, आणि ती हातात आली की मला वाटायला लागतं, बस, हे वर्ष आपलं. शहाण्णव सालची डायरी मरून रंगाची होती. पहिल्या पानावर मी छान अक्षरात पाच संकल्प लिहिले. इंग्रजी बोलायला शिकणे. कॉम्प्युटरचा कोर्स करणे. सकाळी पाचला उठून फिरायला जाणे. शमिकाला रोज दोन तास देणे. आणि पाचवा लाल पेनाने, खाली दोन रेघा मारून: व्हिडिओ गेम पूर्णपणे बंद.

शमिका आमची मुलगी, तेव्हा तीन महिन्यांची. अमिता, म्हणजे माझी बायको, तिला मांडीवर घेऊन बसली होती. तिने डायरी घेतली, वाचली आणि परत दिली.

"पाचला आपल्याकडे फक्त शमिका उठते," ती म्हणाली. "आणि तिला घ्यायला मी उठते. तुम्ही नक्की कोणाबरोबर फिरायला जाणार आहात?"

मी म्हटलं, माझं सोड, तुझा काय संकल्प आहे ते सांग.

"माझा एकच. एक जुलैला शाळेत रुजू व्हायचं. तो लिहून ठेवायची गरज नाही."

तिचं बरोबर असतं, हेच डोक्यात जातं. बडा गणपतीच्या बाजूला एका शाळेत ती आठवीला गणित शिकवायची. बाळंतपणासाठी तिने बिनपगारी रजा घेतली होती, आणि शाळेने साफ सांगून टाकलं होतं की नवं सत्र एक जुलैला सुरू होतं. त्या दिवशी वर्गावर उभ्या राहिलात तर जागा तुमची, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. अमिताला ती जागा हवी होती. मनापासून हवी होती. घरी बसून तिला चौथा महिना लागला आणि ती दुधवाल्याला त्रैराशिक समजावून सांगायला लागली. बिचारा उदयसिंह दुधाचं माप हातात धरून ऐकत उभा राहायचा.

आता गेमचं सांगतो, कारण सगळी झंझट तिथूनच आहे. सियागंज बाजारात तेव्हा बाहेरचा माल नुसता ओतला होता. जिकडे बघावं तिकडे घड्याळं, टॉर्च, खेळणी, कुणी काही अडवत नव्हतं. तिथून मी तो आणला. राखाडी रंगाचा, हातात मावेल एवढा, वर छोटा पडदा, खाली पिवळी बटणं. पडद्यावर वरून विटा पडतात, वेगवेगळ्या आकाराच्या. त्या फिरवून, सरकवून खाली नीट बसवायच्या. एक आडवी ओळ भरली की ती ओळ नाहीशी होते, टुंग असा आवाज येतो आणि आकडा वाढतो. एवढंच. घरी मी सांगितलं की शमिकासाठी आणलाय. शमिका तेव्हा पंधरा दिवसांची होती.

 अमिताने तो गेम शमिकाच्या मुठीत धरून बघितला, आणि मग माझ्याकडे बघितलं.

पण मी काय म्हणतो, माझंही कुणीतरी ऐकून घ्या. दिवसभर काउंटरवर पाकिटं येतात. एक रवाना करावं तर दोन उभी. घरी यावं तर दोरीवरचे लंगोट वाळले म्हणून काढावेत, तोवर चार ओले तयार. मूल झाल्यापासून आमच्या घरात एकही काम संपलेलं मी पाहिलेलं नाही. आणि संकल्पांचं तर विचारूच नका. त्र्याण्णवच्या डायरीतलं इंग्रजी बोलणं मी शहाण्णवच्या डायरीत जसंच्या तसं उतरवून काढलंय. त्या गेममध्ये निदान भरलेली ओळ जाते. झालं म्हणून सांगतो तो. बाकी कोण सांगतं?

तर तीन जानेवारीपर्यंत मी गेम बंद ठेवला. कपाटाच्या वर, पाहुण्यांच्या गाद्यांमागे. चार तारखेला बाबांनी तो काढला.

बाबा म्हणजे माझे वडील, पांडुरंग. आमची आख्खी छत्रीबाग वस्ती त्यांना ओळखते, कारण आख्ख्या छत्रीबागेला ते ऐकू येतात. मिलमध्ये साचेखात्यात त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. साचे म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. असे चार साचे बाबा एकटे सांभाळायचे. तिथे एवढा गडगडाट की शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू येणार नाही. सगळं बोलणं ओठ हलवून आणि हाताच्या खुणांनी. एकोणतीस वर्षांनंतर कानात काय उरणार? दार आपटलं तर त्यांना कळतं, ट्रक गेला तर कळतं, बाकी राम राम. स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून मीठ मागायचं तरी ते खान नदीच्या पलीकडे ऐकू जाईल असं मागतात. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड दाखवून बोलायचं, हे मला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तोंड फिरवलं की त्यांच्या लेखी आपण बंद.

मिल बंद झाली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबांची पाळी मात्र बंद झाली नाही. पहिली पाळी, सकाळी सात ते दुपारी साडेतीन. सातला ते अंघोळ करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून तयार, आणि साडेतीनपर्यंत पायांवर. बसायचं नाही. बसणारा साचेवाला कधी कुणी पाहिलाय, असं ते विचारतात. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, तिथून अंगणात, परत पुढे. पाणी भरतील, भाजी चिरतील, काही नसेल तर नुसते फिरतील. दोन खोल्यांच्या घरात एक मोठ्या आवाजाचा माणूस साडेआठ तास चालतोय आणि एक तान्ही पोर झोपायचा प्रयत्न करतेय, हे डोळ्यासमोर आणा. आई होती तेव्हा ती त्यांना कामाला लावून बाहेर पाठवायची. ती जाऊन दोन वर्षं झाली.

बरं, मिलचं गेट बंद झालं त्याच सुमारास बाजार उघडला, कंपन्या आल्या, कुरियर आलं, म्हणून मला नोकरी लागली. हे मी बाबांच्या समोर कधी बोललो नाही. त्यांना ठाऊक नसेल असंही नाही.

तर चार जानेवारीला मी कामावरून आलो आणि बाबा कपाटाला टेकून उभे, चष्मा कपाळावर, गेम नाकाजवळ.

"बंडू," ते म्हणाले. ऑफिसात मी जयेश आहे, घरात बंडू. "हे काय आहे रे? विणायचं आहे का?"

मी समोर जाऊन सांगितलं, विणायचं नाही बाबा, खेळ आहे, टाइमपास. विटा बसवायच्या. ओळ भरायची.

त्यांनी दहा मिनिटं मला खेळताना पाहिलं. मग माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "तू पडणारी वीट बघतोस. पुढची बघ ना. ती कोपऱ्यात दिसते." कोपऱ्यात पुढची वीट दिसते हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. एका आठवड्यात त्यांनी माझा आकडा मागे टाकला. पंधरा दिवसांत दुप्पट केला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसाला टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय, तो उभ्या उभ्या, चालता चालता, अठरा हजारांवर गेलेला.

एकदा खेळता खेळता ते थांबले.

"ओळ भरली की जाते कुठं?"

"कुठं नाही. नाहीशी होते."

"आणि कापड?"

मी म्हटलं, कसलं कापड?

"अरे, ओळीवर ओळ भरतोय सकाळपासून. मग कापड कुठं जमतंय?"

मी म्हटलं, बाबा, गेममध्ये कापड नसतं.  ते परत खेळायला लागले. त्या प्रश्नाने माझं डोकं मात्र फिरवलं. त्यानंतर मला ती ओळ जाताना आधीसारखी मजा येईना. माणसाने जरा कुठे सुख शोधावं, तर वडिलांनी येऊन त्यातलं कापड विचारावं.

खरी कटकट आवाजाची होती. टुंग टुंग टुंग, आणि बरेच आकडे झाले की पिपाणी. बाबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आवाज पूर्ण. शमिका दचकून उठायची. अमिता माझ्याकडे अशी बघायची की जणू पिपाणी मी वाजवली. मी बाबांना आवाज बंद करायचं बटण दाखवलं, चार वेळा दाखवलं. ते दुसरंच बटण दाबायचे. मी हाताने खूण करून सांगायचो, आवाज, आवाज, आणि ते पूर्ण ताकदीने सांगायचे, "बंद केलाय रे आवाज!" त्यावर शमिका उठायचीच. शेवटी मी बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला. अमिताची नेलपॉलिश, म्हणजे त्यावर वेगळं बोलणं झालं.

मे उजाडला आणि एक जुलै दिसायला लागली. शमिका सात महिन्यांची. कोण बघणार तिला? अमिताची आई स्वतः नोकरीवर. शेजारच्या शोभनाकाकूंनी आधी हो म्हटलं होतं, पण त्यांचे गुडघे धरले आणि त्या लेकाकडे देवासला निघून गेल्या. बाई ठेवावी तर मिळेना, मिळाली ती दुसऱ्या दिवशी आली नाही. मी ऑफिसात अर्धा दिवस मागितला. साहेब हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

एका दुपारी, रविवार होता, अमिता गॅसपाशी पोळ्या करत होती. मी दारात उभा. बाबा समोरच, खिडकीजवळ, गेम घेऊन, लाल ठिपका दाबून. मी जरा हळू म्हटलं, "घरात माणूस आहे ना आपल्या. चोवीस तास आहे."

अमिताने लाटणं ठेवलं. तीही हळूच बोलली, एकदम हळू, नुसते ओठ हलवल्यासारखं. "मला काय वाटत नसेल का? पण ती गळा फाडून रडली तरी त्यांना ऐकू येत नाही. परवा दहा मिनिटं रडत होती, ते अंगणात होते. बाबांच्या भरवशावर पोरगी सोडता येणार नाही."

 परवाचं खरं होतं. मी मान हलवली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खेळत राहिले. आम्हाला वाटलं, हळू बोललो, काम झालं. एका साचेवाल्यासमोर आम्ही हळू बोललो. माझ्यासारखा गाढव, जो याच घरात जन्मला आणि वाढला, त्याच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरात दोरी आली.

शमिकाची झोळी पुढच्या खोलीत छताच्या कडीला टांगलेली, जुन्या लुगड्याची. मी दुपारी दोनला जेवायला घरी आलो, चपला काढल्या, दोन पावलं टाकली आणि तोंडावर आपटता आपटता राहिलो. झोळीच्या टोकाला एक बारीक पांढरी दोरी बांधलेली, ती आडवी खोलीभर, आणि दुसरं टोक बाबांच्या पायाच्या अंगठ्याला. बाबा खुर्चीवर बसले होते. बसले होते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"हे काय बाबा?"

"तार आहे," ते म्हणाले.

"पाय अडकून पडेल ना कुणी."

"बघून चालायचं."

अमिता पाणी घेऊन आली आणि खरंच अडकली. पडली नाही, पण तांब्या गेला. मी वैतागून दोरी सोडून टाकली, गुंडाळी करून फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी परत बांधलेली. मी परत सोडली. असं चार-पाच दिवस चाललं. मी म्हटलं, बाबा, काय चक्कर आहे ही, पोरीला झोका द्यायचा तर हाताने द्या ना. ते म्हणाले, झोका द्यायला कोण म्हणतंय. मग काय आहे? तर काही नाही. माणूस एवढ्या मोठ्याने बोलतो आणि कामाचं तेवढं सांगत नाही. शेवटी माझा तोल गेला. मी त्यांच्या समोर उभा राहून, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, "परत, ही, दोरी, दिसता, कामा, नये." त्यांनी मान हलवली. त्यानंतर ती दिसली नाही. मला वाटलं, चला, निदान एक तरी गोष्ट या घरात माझ्या म्हणण्याने झाली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळेने अमिताला बोलावलं. हो की नाही, ते सोमवारपर्यंत लिहून द्या. शनिवारी ती निघाली. तिला दिवाळीपर्यंत मुदत मागायची होती, आणि नाही मिळाली तर तिथेच नाही लिहून द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. निघताना तिने सुती साडी नेसली होती, कडक इस्त्रीची, वर्गावर जाताना नेसायची तशी. आरशासमोर उभी राहून तिने तीनदा पदर सारखा केला. मला तेव्हा फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तू जा, मी आज सुट्टी टाकलीय, शमिकाकडे मी बघतो.

"झोळीपाशीच बसा," ती म्हणाली. "आता ती उठून बसायला बघते."

"बसतो ना. पोरगी माझीच आहे."

बाबा मागे अंगणात सावलीत बसून गहू निवडत होते. शमिका झोपली. खोलीत कूलर घरघरत होता, जूनचा उकाडा, त्याशिवाय चालतच नाही. मी झोळीपासून दोन हातांवर, पलंगावर. आणि पलंगावर गेम पडलेला. मी काही तो मुद्दाम शोधला नाही, हे मी शपथेवर सांगतो. बाबांचा आकडा होता एकतीस हजार चारशे. मी म्हटलं, एकच डाव. पोर झोपलीय, मी इथेच आहे, आणि कोपऱ्यातली पुढची वीट बघायची युक्ती आता मलाही कळलेली.

वीस हजार गेले. पंचवीस गेले. विटा भराभर पडायला लागल्या. सत्तावीस. मला वाटलं, आज होतंय, या वर्षात एक तरी गोष्ट होतेय. अठ्ठावीस. आणि मागच्या दारातून बाबा आले. चालत नाही, धावत. त्यांच्या मांडीवरचं गव्हाचं ताट अंगणात पालथं पडल्याचा आवाज मला आला, तो ऐकू आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या गुडघ्यांना धक्का देऊन ते पुढे गेले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी शमिकाला झेललं.

ती झोळीच्या कडेवरून कमरेपर्यंत बाहेर आली होती, डोकं खाली. खाली फरशी. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी. ती रडत होती. ती बराच वेळ रडत होती, तिच्या आवाजावरूनच कळत होतं, घसा बसला होता. दोन हातांवर मी होतो, माझे दोन्ही कान शाबूत, आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. कूलर होता म्हणून सांगू का? चार साच्यांपुढे कूलर म्हणजे काय? माझ्या हातात गेम तसाच होता, आणि विटा एकावर एक पडून वरपर्यंत गेल्या आणि पिपाणी वाजली.

बाबा तिला खांद्यावर घेऊन फिरायला लागले. दारापासून खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत.  

इतक्यात अमिता आली. दारातच तिने पर्स खाली ठेवली. "काय झालं? ही का रडतेय?"

"भूक लागली तिला," बाबा म्हणाले. "बंडूने हाक मारली मला."

साफ खोटं. मला वाचवायला. पण माझ्या हातात गेम होता, आणि अमिताचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. ती बाबांच्या पायाकडे बघत होती. उजव्या अंगठ्याला गोल वळ होता, काळपट, खोल, एका दिवसाचा नक्कीच नाही. मग तिने झोळी पाहिली. झोळीच्या खालच्या बाजूने, लुगड्याच्याच रंगाची एक बारीक निळी दोरी निघत होती. ती पलंगाच्या मागून, भिंतीला लागून अंगणाकडच्या खिडकीच्या गजांमधून बाहेर गेलेली. अमिता खिडकीशी गेली. बाहेर, सांडलेल्या गव्हात, दोरीचं दुसरं टोक पडलं होतं, सुटणाऱ्या गाठीचा फासा करून.

दिसता कामा नये, असं मी म्हटलं होतं. ती दिसली नव्हती.

"बाबा," अमिता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, "ही कधीपासून?"

बाबांनी शमिकाची पाठ थोपटली. आणि मग ते बोलले, जेवढं हळू त्यांना बोलता येतं तेवढं हळू, म्हणजे शेजारच्या घरापर्यंत.

"मे महिन्यापासून. तू गॅसपाशी बंडूला म्हणालीस ना, पोरगी रडली तर मला ऐकू येणार नाही. खरंच आहे ते, बेटा. साच्यावर सुताची तार तुटली तरी कधी ऐकू यायची नाही. डोळ्याला दिसते, नाहीतर हाताला कळते. म्हणून दोरी. झोपेत पाय हलवते ती ओढ वेगळी, उठते ती वेगळी. आता चुकत नाही माझं."

अमिताच्या तोंडावरचा रंग गेला. "तुम्ही ऐकलंत ते?"

"ऐकू कुठून येणार?" बाबा म्हणाले. "दिसलं."

मी तिथेच पलंगावर बसून होतो. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो, आणि राग कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. मे महिन्यापासून तो माणूस खुर्चीवर बसायला लागला होता, ज्याने एकोणतीस वर्षं बसणाऱ्याची टर उडवली. आणि मी त्यांची दोरी गुंडाळून फळीवर ठेवत होतो.

मी विचारलं, शाळेत काय झालं?

"मुदत देत नाहीत," अमिता म्हणाली, माझ्याकडे न बघता. "नाहीचा कागद घेऊन गेले होते. दिला नाही. हात धजला नाही."

तिने डोळे पुसले, पदराने, ती कडक इस्त्री सगळी चुरगळली. मग ती बाबांच्या अगदी समोर आली. आवाज न करता, नुसते ओठ हलवून ती त्यांच्याशी काहीतरी बोलली. साचेखात्यात बोलायचे तसं. माझ्यासमोर, माझ्या घरात, मला ऐकू येऊ नये म्हणून.

पण मी साचेवाल्याचा मुलगा आहे. तेवढं मलाही वाचता येतं. वाक्य तेच होतं, मे महिन्यातलं. फक्त बाबांच्या जागी मी होतो: "यांच्या भरवशावर पोरगी सोडता येणार नाही."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली, आणि पूर्ण आवाजात म्हणाले, "नाहीच मुळी. पहिली पाळी माझी. तू जा शाळेत."

अमिता एक जुलैला रुजू होणार, हे त्या दुपारी आमच्या आधी गल्लीला कळलं.